टीव्हीच्या बाहेर उभा असलेला मेहुणा

आमच्या घरात संशय हा कुलाचारासारखा पाळला जातो. दूधवाल्यावर संशय, सोसायटीच्या चेअरमनवर संशय, ‘आपले पार्सल अडकले आहे, येथे दाबा’ असल्या मेसेजवर तर संशय हवाच. माझी सगळी नोकरी युनिक्सची मशीनं सांभाळण्यात गेली. त्या धंद्यात ज्याने समोरच्यावर विश्वास ठेवला, त्याला रविवारी कामावर यावं लागलं. आमची ही माझ्याही एक पायरी वर. मी पुरावा बघून विश्वास ठेवतो. ती पुरावा बघते आणि विचारते, ‘‘हा आणला कोणी?’’ पत्रिकेत आमचे किती गुण जुळले होते ते आठवत नाही, पण हा एक नक्की जुळला असणार.

तर गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलगी आयटीत, सगळं घाईत. एका संध्याकाळी जेवायला बसता बसता म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर आहे ना? ती डिजिटल करून घ्या. संगीतच्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर लावू. हल्ली सगळेच लावतात.’’ आणि त्याच दमात, ‘‘आई, मामाला बोलवायचंय हं. मला बोहल्यावर मामानेच न्यायला हवं.’’

ही पोळ्या लाटत होती. मागे वळलीसुद्धा नाही. ‘‘कॅसेट करा. मामा नाही.’’

आमच्याकडे नवरीला मांडवात आणतो मामा, आणि अंतरपाट धरलेला असतो तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. सख्खा नसला तर चुलत, मावस, कोणीतरी उभा करतात. आमच्या मुलीला सख्खा मामा आहे. खडकीला राहतो, धडधाकट आहे, आणि बिबवेवाडीपासून खडकी काही परदेशात नाही. तरी तीसेक वर्षांत तो आमचा उंबरा चढलेला नाही. मयतीला भेटतो तेवढंच, तेही मान हलवून. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आमची ही, खडकीत जिताजागता भाऊ असताना, दरवर्षी गॅलरीत ताट घेऊन उभी राहते आणि चंद्राला ओवाळते. एकदा मी म्हटलं, ‘‘चंद्र ओवाळणी काय घालतो?’’ त्यावर दोन दिवस मला चहा मिळाला नव्हता.

भांडणाचं मूळ त्या कॅसेटमध्येच होतं.

लग्नात कानपिळी नावाचा एक विधी असतो. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, ‘माझ्या बहिणीला नीट सांभाळ’ अशी तंबी द्यायची, आणि नवऱ्याने त्याला कापड देऊन खूश करायचं. माझा कान पिळायचा मान हिच्या धाकट्या भावाचा. पोरगा नुकताच खडकीला एका कारखान्यात चिकटला होता. ‘‘काहीही झालं तरी येतो ताई,’’ म्हणाला होता. कानपिळीची वेळ आली आणि त्याचा पत्ता नाही. भटजींना पुढच्या लग्नाची घाई. शेवटी हिच्या चुलत भावाला पुढे केलं. त्या गृहस्थाने असा काही हौसेने कान पिळला की जेवणाच्या पंगतीत मी एका बाजूनेच ऐकत होतो.

नंतर हिचा धाकटा भाऊ सांगायला लागला, ‘‘मी आलो होतो. अक्षता टाकल्या आणि पाळीवर परत पळालो.’’ हिचा विश्वास बसेना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आला होता गं. मला तुळशीपाशी नमस्कार करून गेला.’’ मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात, तेवढा वेळ तिने तुळशीपाशी बसायचं असतं. म्हणजे मांडवात कोण होतं नि कोण नव्हतं ते सासूबाईंनी बघितलेलंच नव्हतं. ‘‘आई लेकाला पाठीशी घालतेय,’’ असा निकाल हिने लावला आणि विषय तापतच राहिला.

मग आला आमचा दिवाळसण. खडकीला सासूबाईंच्या दोन खोल्या, त्यात पंधरावीस माणसं, आणि मी मिरवायला नवाकोरा व्हीसीआर बरोबर घेऊन गेलेलो. फराळ चालू असताना पुन्हा तोच वाद निघाला. ही म्हणाली, ‘‘आला होतास ना? मग हातच्या कांकणाला आरसा कशाला! अहो, लावा ती कॅसेट.’’ मी लावली. मंगलाष्टकं सुरू झाली. हा टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसला होता. पडद्याच्या अगदी डाव्या कडेला हिची मावशी होती, जांभळ्या पैठणीतली. हा एकदम पुढे सरकला, म्हणाला, ‘‘थांबवा दाजी, थांबवा. हे बघ ताई, इथे होतो मी. मावशीच्या या अंगाला.’’ आणि त्याने बोट ठेवलं.

बोट काचेवर नव्हतं. काचेच्या बाहेर, टीव्हीच्या काळ्या प्लॅस्टिकवर होतं.

खोलीभर हशा झाला. ‘‘टीव्हीच्या बाहेर उभा होता म्हणे!’’ तो कानपिळ्या चुलत भाऊ तर गडाबडा लोळायचाच बाकी होता. मीही हसलो. नव्या जावयाने सासुरवाडीत दुसरं करायचं काय? हा मात्र हसला नाही. ‘‘परत एकदा मागे घ्या,’’ म्हणाला. मी घेतली. तो टीव्हीला नाक लावून स्वतःलाच शोधत राहिला. सापडला नाही. मावशीला विचारावं तर तिला स्वतःच्या पैठणीपलीकडचं काही आठवत नव्हतं. मग हा उठला, पायांत चपला सरकवल्या आणि फराळाचं ताट तसंच टाकून निघून गेला, तेही स्वतःच्याच घरातून. त्या दिवसापासून आमच्याकडच्या नातेवाइकांत त्याचं नाव ‘टीव्हीबाहेरचा’ असं पडलं ते पडलंच.

आता तीच कॅसेट मोठ्या पडद्यावर लावायची होती, आणि त्याच मामाला बोलवायचं नव्हतं.

मुलगी म्हणाली नारायण पेठेत एक जण कॅसेटी डिजिटल करून देतो. मी गेलो. दुकानाबाहेर पाटी होती : ‘कॅसेटमध्ये काय आहे ते आम्ही बघत नाही. आपणही सांगू नये.’ मी पाटी वाचली आणि तसाच परत फिरलो. जो आपणहून सांगतो की बघत नाही, तो नक्की बघतो. शिवाय आपली कॅसेट देऊन दुसऱ्याच कोणाची मुंज घरी यायची. त्यापेक्षा आपणच करावं. व्हीसीआर माळ्यावर होता, जुन्या चादरीत बांधलेला. टेबलाखाली माझा जुना कॉम्प्युटर होता, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. हवं होतं फक्त टीव्ही कॅप्चर कार्ड. व्हीसीआरमधून येणारं चित्र कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात आणून देणारं कार्ड, एवढंच त्याचं काम.

तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या चार दुकानांनी ‘‘आता कोण वापरतं हो ते’’ म्हणून वाटेला लावलं. पाचव्याने पोटमाळ्यावरून एक खोकं काढलं. खोक्यावर हसरं कुटुंब टीव्ही बघतंय, पण कंपनीचं नाव कुठे नाही. मी विचारलं, ‘‘चालेल का?’’

‘‘चालवलंत तर चालेल.’’

‘‘तसं नाही, लिनक्सवर चालेल का?’’

‘‘तुम्हाला चालतं का बघा आधी,’’ म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. असा माणूस निदान खोटं तरी बोलत नाही, म्हणून घेतलं.

कार्ड बसवलं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यातला दुभाष्या. तो लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, वेगळा आणावा लागत नाही. मशीन चालू केलं की ते काय काय बघितलं, कोण कोण भेटलं याची रटाळ बडबड लिहून ठेवतं. ती मी वाचली. त्यात म्हटलं होतं : कार्ड सापडलं. ओळख पटत नाही. प्रकार : अज्ञात.

झालं! नामवंत कार्डं स्वतःची ओळख पोटात घेऊन येतात, ड्रायव्हरने विचारलं की सांगतात. हे स्वस्तातलं, कोणाची तरी नक्कल केलेलं. नाव विचारलं की गप्प. आमच्या घरात अनोळखी माणसाला साखळी लावून दारातूनच बोलतात, आणि हा बिननावाचा पाहुणा थेट मशीनच्या पोटात जाऊन बसला होता.

अशा वेळी आपणच ड्रायव्हरला सांगायचं असतं : हे अमुक नंबरचं कार्ड आहे असं समज. कार्डांच्या प्रकारांना नंबर आहेत, शंभराच्या वर. ड्रायव्हर उतरवायचा, नवा नंबर देऊन परत चढवायचा, चित्र येतं का बघायचं. एका नंबरला निळा पडदा आला. एकाला काळा. एकाला मशीनच मूर्च्छा येऊन पडलं. गंमत अशी की ड्रायव्हर प्रत्येक वेळी माझं म्हणणं निमूट मान्य करायचा. तुम्ही म्हणाल ते कार्ड, साहेब. इतका भोळा स्वभाव मी माणसात पाहिलेला नाही, आणि मला तो आवडलाही नाही. मुलगी मागून डोकावून गेली, ‘‘बाबा, सिरियसली? लग्न डिसेंबरमध्ये आहे, कुठल्या डिसेंबरमध्ये ते ठरवा.’’

शेवटी म्हटलं, कोणाला विचारायला नको आणि अंदाजपंचे तर मुळीच नको. कार्ड बाहेर काढलं, भिंग घेतलं आणि त्यावरच्या काळ्या चिपांवरची बारीक अक्षरं वाचली. त्यावरून ते कोणाची नक्कल आहे ते कळलं. तो नंबर दिला आणि चित्र आलं. आलं, पण काळंपांढरं आणि खालून वर धावणारं, कारण ड्रायव्हर समजत होता की आपण अमेरिकेत आहोत. त्याला आपल्याकडच्या टीव्हीची, म्हणजे ‘पाल’ पद्धत सांगितली. चित्र थांबलं आणि रंगीत झालं. मी खुर्चीतून टुणकन उडालोच! समोर मी होतो, भरघोस केसांसकट. आवाज मात्र येईना. कार्डाच्या वायरी तपासल्या, व्हीसीआर उलटापालटा केला, ड्रायव्हरला शिव्या घातल्या. ही भाजी निवडत शांतपणे म्हणाली, ‘‘आवाज बंद नाही ना केलेला?’’ बंदच होता. लिनक्समध्ये नव्याने बसवलेला आवाज सुरुवातीला बंदच ठेवलेला असतो, हे मी लोकांना शिकवलंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. कार्डाचा नंबर, ‘पाल’, आवाज, सगळं मी एका फाइलमध्ये लिहून ठेवलं, म्हणजे मशीन चालू झालं की कार्डाला रोज नव्याने ओळखायला नको.

पूर्ण कॅसेट उतरवून घेतली. चित्र चांगलं होतं, फक्त कडा घाण दिसत होत्या. तळाशी एक फाटकी, हलणारी पट्टी, आणि डाव्या-उजव्या बाजूला काळसर किनार. टीव्हीवर हे कधीच दिसलं नव्हतं. मला वाटलं नंबर तर चुकला नाही ना, की कार्डच फसवतंय? असल्या कार्डांवर काम करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे विचारलं. कोणीतरी परदेशातून उत्तर दिलं : काही बिघडलेलं नाही. फितीवर चित्र असतं ते थोडं मोठंच. प्रत्येक टीव्ही त्याच्या चारी कडा झाकतो, म्हणून तुम्हाला तेवढं दिसत नाही. तो कचरा असतो, कापून टाका.

मी कापायची आज्ञा टाइप केली. नुसतं एंटर दाबायचं बाकी होतं.

पण माझा स्वभाव आडवा आला. कोण कुठला माणूस सांगतो की कचरा आहे, आणि आपण कापायचं? सोसायटीचा माळीसुद्धा मी समोर उभा असल्याशिवाय झाडाला हात लावत नाही. शिवाय ते वाक्य कुठेतरी टोचत होतं. प्रत्येक टीव्ही कडा झाकतो. म्हणजे टीव्हीच्या बाहेर काहीतरी असतं.

मी फाइल पुन्हा उघडली. मंगलाष्टकं कुठे सुरू होतात ते शोधलं. अंतरपाट, करवल्या, भटजी. जांभळी पैठणी. तिच्याही पलीकडे, त्या काळसर किनारीला चिकटून, एक निळी बाही. कारखान्यात घालतात तसला निळा डगला. ‘शुभमंगल सावधान’ झालं आणि बाहीतून हात वर आला, अक्षता टाकून खाली गेला. उजवा हात. मनगटावर घड्याळ, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.

तोंड दिसत नव्हतं. तोंड कडेच्या बाहेरच होतं. पण माझा मेहुणा डावखुरा आहे. घड्याळ उजव्या हातात बांधतो, आणि मशीनवर काच फुटू नये म्हणून तबकडी आत फिरवतो. अक्षता मात्र उजव्याच हाताने टाकायच्या, हे सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. मी परत बघितलं. परत बघितलं. प्रत्येक मंगलाष्टकाला हात वर येत होता. दिवाळीत त्याने बोट ठेवलं होतं, बरोबर तिथे. प्लॅस्टिकच्या मागे.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? एक पोरगा खरं बोलत होता, बोट ठेवून जागा दाखवत होता, आणि त्याला घरभर माणसं हसली होती. वाईट म्हणजे त्याने स्वतःही टीव्हीला नाक लावून बघितलं आणि त्यालाही तो स्वतः दिसला नव्हता.

मी हिला हाक मारली. तिने चष्मा लावला, बघितलं, परत लावायला सांगितलं, परत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

‘‘हे तुम्ही केलंत.’’

‘‘काय?’’

‘‘मला काय कळत नाही? हल्ली फोटोतल्या मेलेल्या माणसांना नाचवतात. तुम्ही आणि तुमच्या लेकीने मिळून हा हात घुसवलाय. तिला मामा हवाय म्हणून.’’

‘‘अगं, मला आवाज चालू करता येत नव्हता दोन दिवस. मी हात घुसवणार?’’

‘‘नाटक असेल ते.’’

असली बायको मिळायला भाग्य लागतं. मला राग आला होता, पण मनातून मी तिला मार्कही दिले. पुरावा आणला कोणी? तर मी. मग पुरावा माझ्या हातून काढून घेणं एवढाच उपाय होता.

जुन्या व्हीसीआरला पाठीमागे दोन वाटा असतात, एक अँटेनाची आणि एक पिवळ्या पिनची. अँटेनाच्या वाटेने मी तो हॉलमधल्या टीव्हीला जोडला, पिवळ्या पिनेने कॉम्प्युटरच्या कार्डाला, आणि कॉम्प्युटर टीव्हीशेजारी आणून ठेवला. एकच कॅसेट, एकाच वेळी दोन पडद्यांवर, मध्ये कुठली फाइल नाही की काही नाही. कॅसेटला बुरशी धरली होती. व्हीसीआरने आधीच एक जुनी कॅसेट चावून दाखवली होती. ही फीत आणखी एकदा टिकेल याची हमी मला नव्हती, आणि ती तुटली असती तर हिला पटेल असं जगात दुसरं काही उरलं नसतं.

‘‘मी हात लावत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तूच घाल, तूच दाब.’’

तिने मला दोन पावलं मागे उभं केलं. मुलीला त्याहून मागे. कॅसेट आत ढकलली, बटण दाबलं. खर्रर्र असा आवाज झाला, पण फीत फिरली. दोन्हीकडे भटजी दिसले. दोन्हीकडे मावशी दिसली. टीव्हीवर मावशीपाशी जग संपत होतं. शेजारच्या पडद्यावर मावशीच्या पलीकडे निळी बाही होती.

‘शुभमंगल सावधान.’ टीव्हीत काही हललं नाही. शेजारी हात वर आला.

ती जवळ गेली. टीव्हीच्या कडेवर, बाहेरच्या प्लॅस्टिकवर, तिने बोट ठेवलं. बरोबर त्याच जागी, आणि तशीच उभी राहिली. पुढचं मंगलाष्टक झालं, त्याच्या पुढचं झालं. शेवटी वाजंत्री सुरू झाली आणि ती बाही कडेच्या बाहेर गेली ती पुन्हा आली नाही.

‘‘आई म्हणत होती, तुळशीपाशी नमस्कार करून गेला म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘आई सांगत होती हो मला.’’ आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली. मुलगी धावली. मी व्हीसीआर बंद केला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

डोळे पुसून झाल्यावर तिने भावाला फोन लावला. नंबर कुठे शोधला नाही, म्हणजे तो होता तिच्या मोबाइलमध्ये, एवढी वर्षं. मुलीने तिच्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

‘‘बोल ताई,’’ पलीकडून आवाज आला. घाबरलेला. आमच्याकडून फोन म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच त्याचा अनुभव.

‘‘तू मावशीच्या शेजारी असा कडेला कशाला उभा होतास?’’ हिने एकदम विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

कोणती मावशी, कुठली कड, असं काही त्याने विचारलं नाही. ‘‘व्हिडिओवाल्याने सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘पाळीवरून तसाच आलो होतो ना, डगला तेलकट. पुढे आलो तर म्हणाला, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय. म्हणून झालो बाजूला. म्हटलं ताईचा व्हिडिओ खराब नको.’’

‘‘आणि कानपिळी?’’

‘‘दोस्ताला मशीनवर उभं करून आलो होतो गं. किती थांबणार?’’ आणि मग, ‘‘दिसलो का?’’

‘‘हात दिसला,’’ ही म्हणाली.

‘‘हातच?’’ तो हसला. हसता हसता त्याचा आवाज मोडला. ‘‘चला. हात तरी आला.’’

ही माफी मागेल असं मला वाटलं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझे काही भ्रम शिल्लक आहेत. ती म्हणाली, ‘‘डिसेंबरमध्ये भाचीचं लग्न आहे. मामा म्हणून उभं राहायचंय तुला. चांगले कपडे घालून ये.’’ आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. त्या रविवारी तो आला. ती त्याला ओवाळायला निघाली तर मुलगी म्हणाली, ‘‘आई, आज भाऊबीज नाहीये.’’ ही म्हणाली, ‘‘मला कॅलेंडर शिकवू नकोस.’’

संगीतला कॅसेट लावली ती कडा न कापता. तळाची फाटकी पट्टी बघून एकदोघांनी ‘‘क्वालिटी जरा...’’ असं सुरू केलं. मी त्यांना जेवण कुठे आहे ते दाखवलं. कानपिळ्या चुलत भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. मावशीच्या पलीकडचा हात वर आला तेव्हा मी त्याच्याच तोंडाकडे बघत होतो. तो हसला नाही.

लग्नाच्या दिवशी मेहुण्याने भाचीला मांडवात आणलं. नवा सदरा, डोक्याला फेटा, घड्याळ उजव्या हातात, तबकडी आत. अंतरपाट धरला गेला आणि तो तिच्या पाठीशी उभा राहिला. आता व्हिडिओवाला एक नसतो, टोळी असते, वर डोक्यावर एक भुणभुणणारं यंत्र. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यांच्यातला दाढीवाला वाकून म्हणाला, ‘‘मामा, थोडं साइडला या ना. फ्रेममध्ये येताय.’’

मी अंतरपाटापाशी होतो, मला स्पष्ट दिसलं. माझा मेहुणा बाजूला व्हायला लागला. पाऊल उचललंसुद्धा त्याने.

‘‘जागचा हलू नकोस!’’

सगळ्यांनी मागे बघितलं. मुलीच्या आईने त्या वेळी तुळशीपाशी बसायचं असतं, मंगलाष्टकं कानावर पडू द्यायची नसतात. आमची ही तुळस सोडून, पदर खोचून, कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. कधीपासून उभी होती देव जाणे. तिचा त्या व्हिडिओवाल्यावर पहिल्यापासूनच संशय होता.

‘‘तो तिथेच उभा राहील,’’ ती दाढीवाल्याला म्हणाली. ‘‘तू तुझा कॅमेरा हलव.’’

दाढीवाला मुकाट्याने दोन पावलं मागे सरकला.